बाहुलीची पट्टी

लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे मुलांच्या वॉर्डातल्या दोन नर्स उभ्या होत्या. एक नवखी, एक मुरलेली.

"ताई, आपली बाहुली सापडेना. आधी तिला सुई टोचून, पट्टी बांधून दाखवल्याशिवाय एक पोर हात पुढे करत नाही."

"खाटांखाली बघितलंस?"

"सगळं उचकलं. कोपऱ्यातल्या खाटेवरची चिमणी, ती छोटी पोरगी, म्हणते, बाहुली आपली आपण गेली. जो सगळ्यात जास्त घाबरलाय, त्याच्याकडे जाते म्हणे."

"पोरांचं काहीतरीच असतं."

"मीही हसले. पण कोण घाबरलंय विचारलं, तर म्हणाली, मोठ्या सिस्टर."

"कधी म्हणाली?"

"आत्ताच. का हो?"

"तुला सांगणार नव्हते. सकाळी लॉकर उघडला, तर बाहुली आत बसलेली. किल्ली माझ्याच गळ्यात असते."

"चिमणीनंच ठेवली असेल."

"तिला सलाईन लावलंय. ती खाटेवरून उतरलेलीच नाही."

"पण तुम्हाला कसली आलीये भीती?"

"उद्या माझं ऑपरेशन आहे, पोटाचं. घरीसुद्धा बोलले नाही. आणि बाहुलीच्या पोटावर पट्टी बांधलेली."

"अगं बाई. आता कुठंय ती?"

"या पिशवीत. उद्या सांगणार आहे, आधी हिला टोचा."