अळणी वाटी

ब्रिकामा गावच्या दवाखान्यात मी रांगेत बसले होते. शेजारी बाकेबा बसला होता, लिव्हर सिऱ्होसिसचा रोगी. त्याच्या एका बाजूला बायको न्यीमा, दुसऱ्या बाजूला आई.

"पंधरा दिवसांपूर्वी पोटातलं पाणी काढलं, आणि पुन्हा डेरा झालाय! आई, खरं सांगा, याला मीठ कोणी दिलं?" न्यीमानं सासूला विचारलं.

"मी मिठाचा खडाही टाकत नाही. कालवणात फक्त बाजारातल्या मसाल्याच्या वड्या टाकते."

"किती?"

"पाच. पाहुणे असले तर सहा."

"अहो, त्या वड्या म्हणजे मीठच! मी याच्यासाठी अळणी मासा वेगळा शिजवते, आणि तुम्ही याला परातीशी बोलावून शेंगदाण्याचं कालवण चारता!"

"मग काय करू? सगळं घर एका परातीभोवती बसतं, आणि माझा लेक कोपऱ्यात वाटी घेऊन! वाळीत टाकलाय का त्याला?"

"बाकेबा, तू तरी बोल की!"

"काय बोलू? लोक म्हणतात, दारूनं लिव्हर सडलं. जन्मात थेंब घेतला नाही मी! काविळीचा विषाणू लहानपणापासून रक्तात आहे. वर एकट्यानं जेवायचं. घास उतरत नाही, न्यीमा."

नर्सनं त्याचं नाव पुकारलं. दोघींनी त्याचा एकेक हात धरून त्याला उठवलं.

"आजपासून परात एकच," आई कडाडली. "सगळे अळणी खातील. वड्याही बंद."

"आणि मामंजी? ते तर पहिल्याच घासाला परात उलटवतील."

"त्या म्हाताऱ्याला मीठ घालून दे ती वाटी. बसू दे कोपऱ्यात."