गेटवरची चादर

प्रमोदिनी : अगं, अर्धाच कप देते. साखरही कमी टाकते.

हर्षा : नको ना काकू. पाणी द्या. आज चहा चालत नाही मले.

प्रमोदिनी : काय, उपास आहे?

हर्षा : उपास नाही, तपासणी आहे. ज्या घरी तपासणी, तिथला चहा काम संपेपर्यंत घ्यायचा नाही. मले कोणं शिकवलं हे, विचारा सरले.

गिरिधर : मीच शिकवलं. चहा पोटात गेला की घराची किंमत वाढते. सोबत भजी आली तर भिंतीची ओलसुद्धा दिसेनाशी होते.

प्रमोदिनी : ते लोकांच्या घरी हो! ही तर आपली हर्षा. कुहीहून एसटीने यायची तुमच्याकडे काम शिकायला, तेव्हा डबा इथेच बसून खायची.

हर्षा : म्हणूनच जास्त सांभाळा लागते काकू. मी व्हॅल्युअरांच्या मंडळाले म्हटलं होतं, सर माह्ये गुरू आहेत, दुसऱ्या कोणाले धाडा. ते म्हणे, नागपुरातले अर्धे व्हॅल्युअर त्याइच्याच हाताखालून निघाले, बिनओळखीचा आणा कुठून? माह्याकडून तसं लिहून घेतलं अन् मलेच धाडलं.

गिरिधर : म्हणजे गुरूची मेंबरशिप चेल्याच्या सहीवर! काय दिवस आले. अख्ख्या बेसा भागात नुसती शेतं होती तेव्हापासून मी मोजमापं घेऊन घरांच्या किमती काढून राहिलो. तेव्हा कोणी विचारलं नाही, बाबा रे, तू फेलो आहेस का म्हणून.

हर्षा : आता बँक विचारते ना सर. ज्याच्या नावापुढं 'फेलो' नाही, त्याचा रिपोर्टच घेत नाही. तुमची लेखी तर झाली. आता हे शेवटचं. घरातलं ऑफिस पाहायचं, काम पाहायचं, संपलं.

प्रमोदिनी : तिसऱ्या खेपेला झाली लेखी. आधी दोनदा कॉम्प्युटरशी भांडून आले.

गिरिधर : भांडलो नाही. त्याने चार उत्तरं दिली, चारही चूक. मी म्हटलं पाचवं लिहितो, तर जागाच नाही.

हर्षा : सर, एक विचारू? गेटवर चादर काहून टांगली?

गिरिधर : वाळत घातली आहे.

प्रमोदिनी : मधमाश्या येतात गं तिथे.

हर्षा : वाळत घातली का मधमाश्या?

गिरिधर : मधमाश्या... म्हणून धुतली.

प्रमोदिनी : हो, आणि धुतली म्हणून वाळत घातली.

हर्षा : अस्सं. अन् हा वास कायचा येऊन राहिला? रंगकाम चालू असल्यावानी.

प्रमोदिनी : माझ्या गुडघ्याचं तेल आहे.

गिरिधर : हे कोणतं तेल? काल तर नव्हतं.

प्रमोदिनी : आजच काढलं. तुम्ही तुमच्या परीक्षेकडे पाहा.

हर्षा : बरं, मंग असं करू. सर, ह्याच घराचं वर्णन सांगा. किंमत नको, आपल्या घराची किंमत आपण काढत नाही. नुसतं वर्णन. मले शिकवलं तसंच, गेटापासून आतपर्यंत, काही न सोडता.

गिरिधर : गेटापासून?

हर्षा : तुम्हीच म्हणत होते, जो गेटापासून सुरू करत नाही तो व्हॅल्युअर नाही, पाहुणा आहे.

गिरिधर : आज मागून सुरू करतो. बदल म्हणून. स्वयंपाकघर. खिडकी एकच, तीही शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडते. नैसर्गिक उजेड अपुरा.

प्रमोदिनी : अपुरा? मग मी काय चाचपडत फोडण्या देते?

गिरिधर : ओट्याचा दगड एका कोपऱ्यात फुटलेला. त्यावर पोह्यांचा डबा ठेवून झाकलेला.

प्रमोदिनी : डबा सांगायची काय गरज होती?

गिरिधर : दिसतं ते सांगावं लागतं. बेडरूमच्या छताला ओल. हॉलमध्ये कॅलेंडरमागे भेग, वरून खालपर्यंत.

हर्षा : कॅलेंडर उचलून पाहायचं, हेही तुमचंच. मौद्याचं ते घर आठवते का सर?

गिरिधर : न आठवायला काय झालं! त्या माणसाने भेगेसमोर लोखंडी कपाट सरकवून ठेवलं होतं. तू एकटीने हलवलंस.

हर्षा : अन् तुम्ही त्याले म्हटलं, भाऊ, झाकून ठेवलं म्हणून भेग भरत नाही.

गिरिधर : ...असं म्हणालो होतो मी?

हर्षा : अस्संच. त्याचं तोंड इतकंसं झालं होतं. चला, हॉल झाला. आता गेट.

गिरिधर : गेट. लोखंडी, दोन दारांचं. डावं दार कुरकुरतं. डाव्या खांबावर पाटी.

प्रमोदिनी : अहो, पाटी राहू द्या.

गिरिधर : पाटीवर चादर.

हर्षा : ते पाहिलं मी.

गिरिधर : चादरीखाली... नाही होत गं माझ्याने. वर्णन करताना खोटं जिभेवरच येत नाही. चादरीखाली लिहिलं आहे, 'गिरिधर पांढरीपांडे, फेलो.'

हर्षा : सर! मंडळाचं पत्र यायच्या आधीच?

प्रमोदिनी : मी लिहवून घेतलं. लेखीचा निकाल आला त्याच दिवशी अंकुश पेंटरला बोलावलं. मला वाटलं, पास झाले म्हणजे झाले. यांचा काही दोष नाही.

गिरिधर : दोष कसा नाही? मला नियम माहीत होता, तरी मी पुसायला लावलं नाही. खरं सांगू हर्षा? मला आवडलं ते. हल्ली दूध आणायला मीच जातो, येताना वाचायला मिळावं म्हणून. इतका आनंद झाला होता मला, या वयात पास झाल्याचा. तू येणार कळलं, तेव्हा काल रात्री चादर टाकली.

हर्षा : तपासणीच्या दिवशी नावापुढं पदवी दिसली, तर अर्ज दोन वर्षं बाद. हे ठाऊक होतं ना तुम्हाले?

गिरिधर : परीक्षेत तेवढा एकच प्रश्न मी न भांडता सोडवला होता. दोन वर्षांनी कोणती बँक मला ओळखणार? घरी बसलो की संपलो मी. पण तू लिही. चादर काढून पाहा आणि लिही. माझं शिकवलेलं माझ्याच दारात मोडू नकोस.

प्रमोदिनी : नको! चादर काढू नका!

गिरिधर : आता काय राहिलं लपवायला?

प्रमोदिनी : राहिलं आहे थोडं.

हर्षा : चला सर गेटापाशी. तुम्हीच काढा.

(तिघेही बाहेर गेटाशी येतात.)

गिरिधर : ही घे, काढली. आता वाच... अरे! माझं नाव कुठे गेलं?

हर्षा : पाटी आहे सर. अक्षरंच गेली.

प्रमोदिनी : तुम्ही सकाळी आंघोळीला गेलात ना, तेव्हा मी टर्पेंटाइनने तेवढं 'फेलो' पुसायला आले. ते पुसता पुसता पांढरीपांडे गेले. मग घाबरून जोरात घासलं, तर गिरिधरही गेले. म्हणून चादर परत टाकली.

गिरिधर : म्हणजे गुडघ्याचं तेल ते हे!

प्रमोदिनी : बाटली सोफ्याखाली आहे.

हर्षा : खाली 'दुपारी बंद' तेवढं राहिलं सर.

गिरिधर : हसू नकोस गं. पदवी गेली ती गेली, नावही गेलं. बरं नाही वाटत पाहून.

हर्षा : थांबा, लिहू द्या मले. 'गेटाच्या डाव्या खांबावर पाटी. पाटीवर नाव नाही, पदवी नाही.'

गिरिधर : अगं पण मी आत्ता तुला सांगितलं काय होतं ते!

हर्षा : मालक सांगते ते नाही, डोळ्याले दिसते ते लिहायचं. हे कोणाचं?

गिरिधर : ते लबाड मालकांसाठी होतं. तू मला सूट देऊ नकोस.

हर्षा : सूट कायची? तुम्ही सांगितलं तेही लिहिलं ना खाली. चादर, दूध, टर्पेंटाइन, सगळं. मंडळाले कळू द्या, हा माणूस स्वतःच्या घराची भेगसुद्धा लपवू शकत नाही. असा फेलो पाहिजे का नको, ते ठरवतील. माही शिफारस मी त्याच्याखाली लिहिली.

गिरिधर : काय लिहिलंस?

हर्षा : ते उमेदवाराले दाखवत नसतात सर. काकू, अंकुशले बोलवा. म्हणा, नुसतं नाव लिही. अन् नावापुढं जागा सोड.

प्रमोदिनी : किती जागा?

हर्षा : एका शब्दाची.

गिरिधर : हर्षा...

हर्षा : काकू, आता चहा ठेवा.