अदलाबदलीचे ससे

जनावरांच्या दवाखान्यात शिंपीकाका आपलं मांजर मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाकावर दोन शेजारणी होत्या, दोघींच्या मांडीवर झाकलेली टोपली. काकांचे कान साहजिकच तिकडे.

"बरं झालं वहिनी, आपण ससे बदलून घेतले. खाण्यासाठी पाळला खरा, पण लेकरासारखा वाढवलेला, ज्याचा त्याला कापवला नसता."

"तुमचा काय मऊ होता हो! रस्सा ओरपला आम्ही."

"तुमचाही! ह्यांनी तर बोटं चाटली."

"तुमच्या परसात टोमॅटो काय लगडलेत!"

"सशाच्या लेंड्यांचं खत, दुसरं काय!"

"ससा तर खाल्लात. मग लेंड्या?"

"साठवल्या होत्या... तुमचीही वांगी जोरात आहेत की."

"आमच्याही साठवलेल्याच."

"टोपलीत काय आणलंत?"

"मांजर. शिंकतंय सारखं. तुम्ही?"

"मांजरच."

"गाजर खातं?"

"आवडीनं! तुमचं मुळ्याचा पाला कुरतडतंय वाटतं."

"पथ्य आहे त्याला."

तेवढ्यात आतून कंपाउंडरनं विचारलं, "ससा कोणाचा आहे?"

"यांचा!" एकमेकींकडे बोट दाखवत दोघी एकदम म्हणाल्या.