दोन कागद आणि ब्राझील-नॉर्वे सामना

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय अमृतराव पतंगे साहेब, मुख्याध्यापिका आदरणीय शकुंतलाबाई, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, गावातून आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून आलेले पालक, माझे सहकारी शिक्षक, समोर सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या विद्यार्थिनी, आणि ज्यांच्यासाठी आपण सारे इथे जमलो त्या सत्कारमूर्ती, माझ्या गुरू, द्वारकाबाई खिल्लारे.

मी महेजबीन. या शाळेची माजी विद्यार्थिनी, वर्षभर बाईंच्या हाताखाली सराव घेणारी, आणि उद्यापासून बाईंच्या जागी क्रीडाशिक्षिका. बाईंच्या जागी, हे शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळते, ते तुम्ही समजून घ्याल. माझ्या आधी सहा वक्ते झाले. त्यांनी बाईंच्या तीस वर्षांच्या सेवेचा आढावा इतका सविस्तर घेतला की मला बोलायला फारसं उरलेलं नाही. अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघून राहिले आहेत, तेही मला दिसतं. तरी थोडा वेळ मागते. एक गोष्ट सांगायची आहे आणि ती याच सभागृहात, सगळ्यांसमोर सांगायला हवी. का, ते पुढे येईल.

साडीवर पांढरे बूट घालून मैदानावर उभ्या राहणाऱ्या बाई आखाडा बाळापूरने पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा लोक हसले होते म्हणतात. आमच्या वेळेपर्यंत हसणं थांबलं होतं. मैदानात तेव्हा गवतापेक्षा गोटे जास्त. प्रत्येक तासाला पहिली पाच मिनिटं गोटे वेचायचे, मग खेळ. गोलचे खांब बांबूचे, आणि जाळीच्या जागी केळी बांधून आणायची दोरी. एवढ्या सामानावर बाईंनी मुलींचा फुटबॉलचा संघ उभा केला. कोणासाठी केला असेल, सांगा बरं? पाहायला तर कोणी येत नव्हतं.

त्या संघात गोलरक्षक होती सपना खंदारे. पलीकडच्या वस्तीतली. वडील गाडीवर हमाल, आई भागूबाई शेतात मजुरीला. मी पुढे खेळायची. माझे अब्बा महेबूबभाई, त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेच. सपना आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तिच्या डब्यातली ठेच्याची भाकर माझी आणि माझ्या डब्यातला खिचडा तिचा, असा आमचा कायमचा करार होता.

अठ्ठ्याण्णव साली आम्ही परभणीला जिल्हा स्पर्धेला गेलो. आपला जिल्हा तेव्हा परभणीच. मुलींचे संघ आले होते मोजून चार. म्हणजे पहिलाच सामना उपांत्य फेरीचा! तो आम्ही चार शून्य असा हरलो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या क्रमांकासाठी उभ्या राहिलो, तर सपनाने आम्हा सगळ्यांना ओरडून मागे बोलावलं. कोणी पुढे जायचंच नाही. सामना शून्य शून्य राहिला, पेनल्टीवर गेला, आणि तिथे आम्ही हरलो. एक पेनल्टी मी आभाळात मारली होती. परतताना एसटीत सपना मला म्हणाली, "तुझे पाय जड झाले होते ना? माझेबी झाले होते." बस, एवढंच. मला एका शब्दाने बोलली नाही.

पुढचं वर्ष एकोणीसशे नव्व्याण्णव. मे महिन्यात आपला हिंगोली जिल्हा झाला. जून-जुलैमध्ये कारगिलच्या बातम्या, क्रिकेटचा विश्वचषक, आणि पेपरच्या आतल्या पानावर कुठेतरी चार ओळी : अमेरिकेत महिलांच्या फुटबॉलचा विश्वचषक चालू आहे. त्या चार ओळी बाई ब्लेडने कापायच्या आणि फलकावर चिकटवायच्या. आम्हाला टीव्हीवर एकही सामना दिसला नाही. तरी चीनने नॉर्वेला पाच शून्य हरवलं आणि अमेरिकेने ब्राझीलला दोन शून्य, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ होतं.

त्याच आठवड्यात औरंगाबादच्या पंधरा दिवसांच्या प्रशिक्षण शिबिराचं पत्र आलं. शाळेतून एकच मुलगी पाठवायची होती. बाईंपुढे आम्ही दोघी. खेळात उन्नीस-बीस. बाईंनी खूप विचार केला असणार. शुक्रवारी त्यांनी आम्हाला बोलावलं आणि म्हणाल्या, "पायाने खेळणारे पुष्कळ असतात. डोक्याने खेळणारी मला पाठवायची आहे. उद्या ब्राझील आणि नॉर्वे तिसऱ्या क्रमांकासाठी खेळणार आहेत. काय होईल आणि का होईल, दोघींनी लिहून आणा. उद्या सकाळी प्रार्थनेआधी माझ्या हातात कागद पाहिजे."

शाळा सुटल्यावर आम्ही मैदानाच्या कडेला, गोट्यांच्या ढिगावर बसलो. मी तिथंच लिहून टाकलं : नॉर्वे, दोन शून्य. कारण, मागच्या वेळचा विश्वचषक त्यांचा. सपनाने लिहिलं होतं : शून्य शून्य, मग पेनल्टी, मग ब्राझील.

मी हसले. "शून्य शून्य? मग लोकांनी पाहायचं काय?"

ती म्हणाली, "अगं, पाच गोल खाल्लेल्या पोरी हायेत त्या. त्या आता आदी दार लावून घेतील. आपण न्हाई का लावलं परभणीला? ब्राझीलबी हरूनच आलंय. कोणी कोणाला आत येऊ देणार न्हाई."

"आणि पेनल्टीला ब्राझील काहून?"

"त्यांनी दोनच खाल्लेत. पाय हलके असतील. पेनल्टीला पाय हलका लागतो गं."

मी तिला समजावलं. जगज्जेता संघ, उंच उंच मुली, तुझी परभणी कुठे आणि अमेरिका कुठे. अर्धा तास समजावलं. शेवटी तिने कागद फाडला आणि नवीन लिहिला : नॉर्वे, दोन शून्य. इथपर्यंत, मंडळी, मी प्रामाणिक होते. मला खरोखर तसंच वाटत होतं. सपनाला मी शुक्रवारी फसवलं नाही.

शनिवारी सकाळी फसवलं.

सकाळची शाळा होती. अब्बांच्या दुकानात बसून मी माझा कागद पुन्हा वाचला आणि तो मला पोकळ वाटला. दार लावून घेतील, हे सपनाचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. अब्बा ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "बाईने चुना तो जा. मांग के नहीं जाना." एवढी एकच फट होती माझ्यासाठी. मी वहीचं पान फाडलं आणि सपनाचं सगळं उत्तर लिहून काढलं. दार, जड पाय, हलका पाय, सगळं. तिच्याच शब्दांत.

शाळेच्या फाटकाशी ती उभी होती. तिने विचारलं, "नॉर्वेच लिहिलंस ना?"

मी म्हणाले, "व्हय."

दोन कागद बाईंच्या हातात गेले. रविवार कसा गेला ते माझं मला माहीत. मी सगळा दिवस नॉर्वे जिंकावं म्हणून दुवा मागत होते, हे आज कोणाला खरं वाटणार नाही. सोमवारी पेपर आला : शून्य शून्य. पेनल्टीवर ब्राझील, पाच चार.

बाईंनी मैदानावर सगळ्या मुलींना गोल उभं केलं आणि दोन्ही कागद मोठ्याने वाचले. माझ्या कागदावरचं "पाच गोल खाल्लेला संघ आधी दार लावून घेतो" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "सपना, तुझे हात चांगले आहेत, पण सामना कळायला तू कमी पडलीस."

सपनाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी खाली पाहिलं. ती काही बोलली नाही. का बोलली नसेल? दहा वर्षं झाली, मी याच प्रश्नापाशी थांबलेली आहे. ती एक वाक्य बोलली असती तर मी तिथंच कबूल केलं असतं. असं मी स्वतःला सांगते. खरंच केलं असतं का, माहीत नाही.

मी औरंगाबादला गेले. तिथून विभागीय संघ, मग बी.पी.एड., आणि आज ही नोकरी. माझं सगळं त्या पंधरा दिवसांतून निघालं. सपना मैदानावर यायची थांबली. विचारलं तर म्हणायची, आईला मदत करावी लागते. बाक तोच राहिला, पण ती डबा आपला आपण खायला लागली. दहावी झाली, दोन वर्षांनी लग्न झालं, वाळूजला गेली. तिथे कंपनीत पॅकिंगचं काम करते. माझ्या निकाहाला तिला पत्रिका पाठवली होती. आली नाही.

मी पुष्कळ मुलींबरोबर खेळले. चांगल्या गोलरक्षक पाहिल्या. पण मागून "मी हाय, जा तू पुढं" असा आवाज पुन्हा कधी आला नाही. आजही सराव घेताना कधी मी मागे वळून पाहते. मुलींना वाटतं मॅडम काहीतरी विसरल्या.

गेल्या रविवारी बाजारात मला सपनाच्या आई, भागूमावशी भेटल्या. त्यांच्याकडून सपनाचा नंबर घेतला आणि धीर करून फोन लावला. मागे लहान मुलीचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "बोल." मी म्हणाले, बाई निवृत्त होऊन राहिल्या आहेत. बरं, म्हणाली. मग मी विचारलं, "ब्राझील-नॉर्वे आठवतं का गं?"

"न्हाई."

मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "माझ्या पोरीला मी सांगत असते, मला फुटबॉलमधलं कळत होतं म्हणून. ती हसती. तिचा बाप बी हसतो."

मी म्हणाले, "सपना, मी चोरलं तुझं. माझं चुकलं."

ती म्हणाली, "मला माहीत हाय तू काय केलंस ते. ते मला कशाला सांगून राहिलीस? बाईंना सांग. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. तूबी सगळ्यांसमोर सांग."

मी विचारलं, तुला भेटायला येऊ का? ये म्हणाली नाही. येऊ नको असंही म्हणाली नाही. पोरगी रडायला लागली, ठेवते म्हणाली.

म्हणून अध्यक्ष महोदय, ही गोष्ट इथे सांगितली. निरोपाच्या दिवशी असं काही बोलू नये, हे मलाही कळतं. बाई, तुम्ही डोळे पुसू नका. तुमचं काही चुकलं नाही. तुमच्या हातात जो कागद आला त्यावर तुम्ही निर्णय घेतला, आणि वाक्य तुम्ही अचूक ओळखलं होतं. फक्त ते ज्या मुलीचं होतं ती तिथंच तुमच्यासमोर मान ताठ करून उभी होती आणि बाजूला मी होते. आज या सभागृहासमोर, सगळ्या मुलींसमोर, मी ते दुरुस्त करते. बाई, आपल्या शाळेत सामना कळणारी मुलगी सपना खंदारे होती. त्या शिबिराला तिनं जायला हवं होतं.

भागूमावशी मागे बसल्या आहेत. मावशी, उठू नका. तुमच्या लेकीशी बोलाल तेव्हा एवढंच सांगा, की महेजबीनने सगळ्यांसमोर सांगितलं आणि बाईंनी ऐकलं. तिच्या लेकीलाही फोनवर घेऊन सांगा, की तिच्या आईला फुटबॉलमधलं खरंच कळत होतं.

विद्यार्थिनींनो, उद्यापासून मी तुम्हाला शिकवणार. हे ऐकल्यावर तुम्हाला मी नको वाटले, तर ते तुमचं म्हणणं मी ऐकून घेईन.

बाईंना दीर्घायुष्य आणि निरामय आरोग्य लाभो, ही प्रार्थना. मला बोलायची संधी दिलीत याबद्दल संस्थेचे, मुख्याध्यापिकांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं. भाषणाबाहेर जे चुकलं, त्याची माफी मात्र मी या सभागृहाकडे मागत नाही. ती द्यायचा अधिकार इथे कोणाकडे नाही. ती मागायला मला वाळूजला जायचं आहे. तेव्हा शकुंतलाबाई, येत्या सोमवारची माझी रजा मंजूर करावी ही विनंती. रुजू होताच रजा मागते आहे, तेवढ्याबद्दल क्षमा असावी.