पान्यासंगं चढनारं कडं

काय सांगू तुमाला, मी जन्मले ती पान्यावरच. माहेर माझं चेंबूरकडं, माहुलचं, तिथं बापाचं घर खाडीला लागून, आनि लग्न होऊन आले ती इथं बोरिवलीच्या पलीकडं, गोराईच्या खाडीवर, म्हंजे एका खाडीवरनं उठले नि दुसऱ्या खाडीवर बसले, मधी जमीन लागली ती फक्त वरातीपुरती. सासरा जुना कोळी, घरामागं त्यानं दगडी धक्का बांधलेला, त्याच्या पायऱ्या थेट खाडीत उतरतात, आनि त्या धक्क्याला आमची होडी. मी टोपली घेऊन बोरिवलीच्या बाजारात बसायची आनि नाखवा मासळी आनायचा. नाखवा म्हंजे होडीचा मालक, पन मी माझ्या नवऱ्यालाच नाखवा बोलते, अख्खा पाडा बोलतो.

आता तुमी बिल्डिंगमधी राहनारे, तुमाला पानी नळाला येतं. इथं पानी दारात येतं, दिवसातनं दोनदा, आनि दोनदा परत जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पानी आळसावलेलं, थोडं चढतं, थोडं उतरतं. पन पुनवेला नि अवसेला उधान. सकाळी होडी खाली गाळात कुशीवर पडलेली असते, मेल्यावानी, आनि दुपारी बघावं तर माझ्या ओट्याच्या बरोबरीला येऊन डुलते. एवढी जड होडी, गडी लावले तरी हलत नाय, आनि पानी तिला उचलतं कसं, तर पोर कडेवर घ्यावं तसं, आवाज नाय, काय नाय. आख्खा जन्म बघत आले मी हे, तरी अजून अंगावर काटा येतो, खरं सांगते.

पन त्या पान्यात होडी बांधायची म्हंजे डोक्याला ताप. दोरी आखूड ठेवली तर भरतीला होडीचं नाक पान्यात खेचलं जातं, लांब ठेवली तर होडी भटकत जाऊन शेजाऱ्याच्या होडीला टकरा देते. म्हनून पानी चढलं की दोरी सोडायची, उतरलं की आवळायची. हे काम नाखव्याचं. घड्याळ नाय, मोबाईल नाय, जेवता जेवता ताट सारून उठायचा, मी बोलायची अरे भाकर तरी संपव, तो बोलायचा पानी फिरलं. कसं कळायचं त्याला, देव जाने. मी बाहेर येऊन बघायची तर खरंच फिरलेलं असायचं.

आनि मग त्याचं उजवं अंग गेलं. एका सकाळी उठला तो उठलाच नाय नीट. हॉस्पिटल झालं, मालिश झाली, जीव वाचला, पन बोलनं गेलं, नुसतं हूं नि हां राहिलं. दारात खुर्ची टाकली त्याला, होडी दिसेल अशी. दोरीचं काम माझ्याकडं आलं. मी केलं हो, पन माझे गुडघे असे, पायऱ्या शेवाळलेल्या, दोनदा आपटले. माझा पोरगा प्रदीप, तो एसी बसवायचं काम करतो, अंधेरी नि कुठं कुठं फिरतो, तो बोलला आई, तू एक दिवस वाहून जाशील, होडी विकून टाकू, नायतर बंदरावर नेऊन ठेवू, तिथं चार मानसं असतात लक्ष द्यायला. मला पटलं सुद्धा. बंदरावर नेली होडी. तर नाखव्यानं तोंड भिंतीकडं केलं. जेवेना. ताट समोर तसंच. मी बोलले अरे असं काय करतो, तर डोळ्यातनं पानी. तेव्हा मला कळलं, होडी दारातनं गेली तर हा मानूस जानार. प्रदीपला बोलले, आन ती होडी परत, काय वाटेल ते कर, पन आपल्या आपन वर-खाली होईल अशी बांध.

झालं, मग सगळे शहाने जमले. माझा दीर बोलला, वजन लावा, दोरी कप्पीवरनं घ्या, दुसऱ्या टोकाला दगड टांगा, होडी वर आली की दगड खाली, होडी खाली गेली की दगड वर. ऐकायला झकास. लावला दगड. पहिल्याच उधानाला दगड जो खाली गेला तो गाळात रुतला, वर यायचं नाव नाय, पानी उतरलं तशी होडी आपली कप्पीला लटकली. नाखवा खुर्चीत बसून हसला, किती महिन्यांनी हसला तो. मग कोनी बोललं पिंपांवर तरंगनारा धक्का करा. तो चांगला, पन आमच्याकडं सुकतीला, म्हंजे ओहोटीला, पानीच राहत नाय, गाळच गाळ, पिंपं वाकडी बसनार, आनि खाडी आधीच अरुंद, शेजारी बोंबलनार. मग प्रदीपनं मोबाईलवर दाखवलं, कुठल्या परदेशातलं. एक उभा खांब, त्याच्याभोवती एक सैल कडं, कड्याला होडी बांधायची. पानी चढलं की होडीसंगं कडं खांबावर चढतं, उतरलं की उतरतं, दोरी तेवढीच. बस. नाखव्याला दाखवलं. त्यानं मोबाईल डाव्या हातात धरला, पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं, आनि बोलला हां.

भांगेच्या दिवसांत काम काढलं, तेव्हा पानी कमी तरास देतं. गाळात खोल खड्डा, काँक्रीट, त्यात लोखंडी पाईप, त्याच्यावर गुळगुळीत प्लास्टिकचा पाईप चढवला, कारन लोखंडाला कालवं धरतात, शिंपल्यांचा थर बसतो, नि कडं अडकतं. वरचं टोक धक्क्याला आडव्या पट्टीनं पकडलं. पाईप किती उंच ठेवायचा ते नाखव्यानं हात वर करून दाखवलं, प्रदीप बोलला बाबा एवढं पानी कधी येत नाय, तर हा हात खाली घेईना. ठेवला तेवढा.

आनि पहिली भरती आली ना, आमी सगळे ओट्यावर. पानी आलं, होडी हलली, सरळ झाली, नि ते कडं, बाई गं, ते कडं हळूहळू वर सरकायला लागलं. कोनी हात लावत नाय, मोटर नाय, बटन नाय. चंद्र तिकडं कुठं वर, आनि माझ्या दारातलं लोखंडाचं कडं त्याचं ऐकतंय. माझे हात आपोआप जोडले गेले.

तिथंच घोळ झाला बघा. नारळी पुनव आली. आमच्यात त्या दिवशी होडीची पूजा, दर्याला नारळ. सकाळी सुकतीला पूजा केली, तर माझी ननंद पारू बोलली, वैनी, ह्या खांबानं दादाला वाचवलं, ह्याला पन मान द्यायला पायजे. मी बोलले बरोबर. लाल पताका नि झेंडूचा मोठा हार खांबाला बांधला. आनि कोळ्याच्या पोरीनं बांधायचं म्हंजे साध्या दोऱ्यानं थोडंच बांधनार, तिनं घेतलं जाळ्याचं नायलॉनचं सूत, वेढ्यावर वेढे, आनि गाठ अशी की वादळात सुटनार नाय. कडं तेव्हा खाली गाळाजवळ. कोनाच्या डोक्यात आलं नाय, की ते वर येनार हाय.

प्रदीप गेला बंदरावर मिरवनुकीला. मी नि पारू चुलीपाशी नारळाच्या करंज्या करत होतो. नाखव्यानं काठी आपटली. मी चहा दिला. पुन्हा आपटली. मी करंजी दिली. तर त्यानं करंजी फेकली. तेव्हा मी बाहेर बघितलं. उधानाचं पानी भसाभस चढत होतं, आनि कडं हाराखाली अडकलेलं, होडीचं नाक खाली, मागचं अंग वर, पुढनं पानी आत घुसायला लागलेलं. मी मासळीची सुरी घेतली नि पायऱ्या उतरले, कमरेपर्यंत पान्यात. पारू वरनं ओरडते, वैनी हार नको कापू, पूजेचा हाय, आजच्या दिवशी नको, दोरी काप. दोरी समोर होती, तारेवानी ताठ, एक घाव बस. पन दोरी कापली तर होडी सुटून भरतीसंगं खाडीच्या आत जानार, आतल्या पुलाला आपटनार, कोन धरनार तिला. मी नाखव्याकडं बघितलं. तो खुर्चीतनं अर्धा उठलेला, दाराची चौकट पकडून.

मी पान्यात हात घातला, हार चाचपला, आनि बोलले, दर्याराजा, तुझंच हाय, तूच घे. आनि कापलं. सूत कापता कापेना, सुरी सटकते, पानी तोंडात जातं, खारट. शेवटचा वेढा तुटला तशी होडी उसळली, कडं खाडकन वर आलं, माझ्या अंगावर पान्याचा लोट, नि होडी डुलत सरळ उभी. आनि तो झेंडूचा हार तसाच्या तसा पान्यावर तरंगत आत गेला, पताका घेऊन, कोनी वाजतगाजत नेल्यासारखा. पारू पन हात जोडून उभी. दर्याला त्या दिवशी पहिला मान आमच्या दारातनं गेला, असं मी समजते.

नाखवा? तो उभा होता. चौकट धरून का होईना, पन आपल्या पायावर, आनि त्याला कळलंच नाय की आपन उभे हाय. डॉक्टर बोलले, असं होतं कधी कधी. होत असंल. आता रोज भरतीला तो चौकट धरून उभा राहतो, पानी फिरलं की बसतो. बोलनं काय परत येनार नाय, ते मी धरून चालते. दोघांतलं एक आधी जानारच, ते कोनाला चुकलंय. पन आज आमी दोघं हाय, होडी दारात हाय, आनखी काय मागायचं. तुमचं पन भलं होऊ दे. थांबा जरा, उठू नका, बघा तो चौकटीकडं हात नेतोय, म्हंजे पानी आलंच, बघूनच जा.