रक्तातलं मीठ

त्रेसष्टच्या मे महिन्यात कुंदाबाई मास्तरीण अमरावतीच्या एका दवाखान्यात रांगेत उभ्या होत्या. पुढे इंदूबाई खिडकीतल्या कारकुनाशी बोलत होती. तिचा नवरा डोमाजी बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन, रूळ दुरुस्तीच्या कामावर; त्याला इथेच भरती केलं होतं.

"नागपूरहून रक्ताचा रिपोर्ट आला, बाई," कारकून तिला म्हणाला. " रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. उन्हात घाम गेला, वरून नुसतं पाणी प्यायला, म्हणून बरळत होता."

"मंग केसपेपरावर दारू कोनं लिवली?"

"मीच. तोल जात होता त्याचा."

"वास आला व्हता?"

"नाही."

"मंग कावून लिवली? आमची वस्ती आयकून?"

"बाई, शुद्धीवर आला ना नवरा?"

"आला. छप्पनले दीक्षा घेतली, तवापासून थेंबाले शिवला नाही तो. ते खोडा."

"लिहिलेलं खोडता येत नाही. रांग अडली आहे, सरका."

"आम्हाला घाई नाही," कुंदाबाई म्हणाल्या.

कारकुनानं टाक दौतीत बुडवला, रेघ मारली आणि बाजूला काहीतरी लिहिलं. इंदूबाईनं कागद कुंदाबाईंपुढे धरला.

"काय लिवलं, मास्तरीणबाई?"

"दारू खोडली. रक्तात मीठ कमी, असं लिहिलं."

"आता मोठ्यानं वाचा. मागच्यायले आयकू येऊ द्या."