डॉसन आज बेंचवर

हॅलो?… हो, उल्काच बोलतेय. कोण, गुरुदत्त भाऊजी?… आवाज तुटतोय हो… कुमारचाच फोन, मी उचलला. ते गराजमध्ये खुर्च्या काढतायत, सगळी मंडळी फुटबॉलची मॅच बघायला जमलीत ना. तुम्ही कुठे अडकलात?… लेव्हनवर्थहून परत येताय? अजून घाटातच?… नेट नाही?

बरं, बोला. तुमच्या फँटसी टीममधून डॉसनला काढायचं, दुसरा कुणी बॉल फेकणारा क्वार्टरबॅक घालायचा, मॅच सुरू व्हायच्या आत… हो, हो, कळलं. लीगचे मॅनेजर कुमार, म्हणून त्यांना फोन… का पण?… आज कोच त्याला खेळवणार नाही? अगंबाई! म्हणजे तो मैदानात उतरला नाही की तुमच्या टीमला त्याचे गुण शून्य! आणि आजच आपल्या लीगची फायनल, तुमची नि माझी!

देते ना, देते फोन. निघालेच गराजकडे. पण काय सीझन झाला हो डॉसनच्या टीमचा, आपल्या ऑर्काजचा!… अहो ऐका ना, टॉस व्हायचाय अजून. सप्टेंबरात ओळीने हरत होते, आठवतंय? घरच्या मैदानावर लोकांनी हुर्यो उडवली. डॉसन बॉल फेकायचा तो थेट समोरच्यांच्या हातात!… हो हो, चाललेय मी, चपला सापडेनात… मग थँक्सगिव्हिंगची मॅच! भर बर्फात, शेवटच्या क्षणाला ती किक! मी अशी किंचाळले, कुकरकडे लक्षच नाही, डाळीचा पार लगदा झाला. तिथून पुढे हरलेच नाहीत. प्लेऑफ, पुढची बाद फेरी, पक्की झाली, आज हरले तरी बिघडत नाही, म्हणून तर कोच आज डॉसनला विश्रांती देतोय…

मला कसं माहीत? सकाळीच वाचलं की. आता सगळं वाचते मी.

ऑक्टोबरात नव्हते वाचत. तेव्हा डॉसन माझ्या टीममध्ये होता, भाऊजी. त्याच्या नावापुढे 'बाय' असं लिहून आलं. मी भोळी, तुम्हाला विचारलं. काय म्हणालात? 'वहिनी, टीमने त्याला बाय केलं, घरी पाठवलं, टाका काढून.' मी काढला, आणि चहा गार व्हायच्या आत तुम्ही त्याला उचललात! त्या आठवड्यात टीमला सुट्टी होती, एवढाच अर्थ होता त्याचा.

मस्करी?… मस्करी होती? दिवाळीच्या फराळाला सगळ्यांसमोर माझी नक्कल केलीत. माझ्या आन्यासमोर. 'ममा, सो एम्बॅरसिंग' म्हणून पोरगी उठून वर गेली. फार लागलं हो मला. त्याच दिवशी ठरवलं, ह्या माणसाला सोडायचं नाही.

ओरडू नका, गाडी घाटात आहे… किकऑफ? झाला की आत्ताच! टीम लॉक झाली तुमची, आता बदल नाही. टीव्हीवर दाखवतायत ना, डॉसन टोपी घालून बेंचवर बसलाय. छान हसतोय… मुद्दाम? मग काय, चुकून?… कुमारला सांगा, खुशाल सांगा. मीच सांगणार आहे.

काय म्हणालात?… सॉरी?… अहो, असं पुटपुटू नका. दिवाळीत केवढ्याने हसत होतात, तेवढ्या मोठ्याने म्हणा. थांबा, स्पीकरवर टाकते… ए, आवाज कमी करा रे टीव्हीचा! गुरुदत्त भाऊजींना काहीतरी बोलायचंय… हं भाऊजी, म्हणा. सगळे ऐकतायत…

भाऊजी?… हॅलो?… हॅलो?…

ठेवला मेल्याने!